४ बाय ६ च्या न्हाणीत फळ्या

आमची न्हाणी ६ फूट लांब आणि ४ फूट रुंद. एका कोपऱ्यात कमोड, दुसऱ्यात पाण्याचं पिंप, कारण आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही. पिंपाशेजारी बादली, बादलीशेजारी पाट, आणि उरलेल्या जागेत माणूस. शांपू, साबण, ब्रश, कपड्यांची पावडर, फिनेल, सासूबाईंची वजरी आणि शिकेकाईचा डबा हे सगळं खिडकीच्या कट्ट्यावर खांद्याला खांदा लावून उभं असायचं. एकाला हात लावला की तिघं खाली. बेळगावला येणारं पाणी राकसकोप जलाशयाचं असो की हिडकल धरणाचं, ज्या घरात ते साठवून वापरावं लागतं तिथं न्हाणीतली जमीन आधीच गेलेली असते. हाताशी उरते ती भिंत.

त्या भिंतीवर मी तीनदा पैसे घालवले. पहिल्यांदा रबराच्या चकतीनं टाइलला चिकटणारी प्लॅस्टिकची जाळी आणली. ती जुलैत एका रात्री दोन वाजता तेलाच्या बाटलीसकट खाली आली आणि अख्खं घर जागं झालं. मग चकचकीत स्टीलचं तयार रॅक आणलं, ते वर्षभरात तांबूस पडलं. तिसऱ्यांदा स्वतः भोक मारलं आणि टाइल आरपार तडकली. चौथ्यांदा जमलं, आणि ते सगळ्यात स्वस्तात जमलं: फरशीवाल्याकडची उरलेली कडप्प्याची पट्टी, चार ब्रॅकेट, बारा स्क्रू. शेजाऱ्यांचं ड्रिल मशीन उसनं आणलं. दोन फळ्या आणि एक कोपरा मिळून खर्च दीड हजाराच्या आत बसला, गवंड्याची अर्ध्या दिवसाची मजुरी धरून.

कपाट का नको

दुकानात न्हाणीसाठी दाराची छोटी कपाटं मिळतात, आणि दिसतात छान. आपल्याकडच्या पावसाळ्यात मात्र बंद दारामागे ओल कोंडते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत वाळलेला टॉवेलसुद्धा सादळतो, तिथं कपाटातल्या कापसाचं आणि कागदी पुड्यांचं काय होणार? उघड्या फळीवर वारा लागतो, धूळ-बुरशी डोळ्याला दिसते, आणि दिसते म्हणून पुसली जाते. बेळगावातल्याच जुन्या शहापुरात सासूबाईंच्या माहेरी न्हाणीत एक कोनाडा, एक फळी आणि दोन खुंट्या होत्या. चौदा माणसांचं घर तेवढ्यावर निघायचं. मांडणी, फडताळ, कोनाडा ही आपल्याच घरातली पद्धत. आता तिला ओपन शेल्फ म्हणतात इतकंच.

तरी सगळीकडे एकच सल्ला चालत नाही. खानापुराच्या पश्चिमेला, जांबोटीकडे, किंवा मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीच्या बाजूला पाऊस इतका असतो की लाकूड आणि लोखंड दोन्ही हरतात. याउलट अथणी, कागवाडकडे पाऊस कमी पण बोअरचं पाणी जड. तिथं फळी कुजत नाही, तिच्यावर पांढरा क्षार चढतो. तुम्ही कुठं राहता त्यावर फळी कशाची घ्यायची ते ठरवा. मी बेळगाव शहरातलं सांगते, दोन्हींच्या अधलंमधलं.

आधी सगळं बाहेर

न्हाणीतली प्रत्येक वस्तू काढून अंगणात किंवा गॅलरीत एका चादरीवर मांडा. आमच्या घरी ३१ वस्तू निघाल्या, त्यात तीन रिकाम्या बाटल्या आणि एक दुसऱ्याच घराचा साबणाचा डबा होता.

मग ढीग करा. रोज लागणाऱ्या वस्तू एकीकडे. आठवड्यातून एकदा लागणाऱ्या, म्हणजे केसांचं तेल, शिकेकाई, वजरी, घासण्या, दुसरीकडे. धुण्याचं आणि संडास साफ करण्याचं सामान तिसरीकडे. चौथा ढीग म्हणजे न्हाणीत ज्यांचं कामच नाही अशा वस्तू: औषधं, साबणाच्या जादा वड्या, सुट्ट्या ब्लेडची पाकिटं, ट्रिमरचा चार्जर. औषधाच्या गोळ्या वाफेनं खराब होतात, त्या स्वयंपाकघरातही नकोत, खोलीतल्या कपाटात ठेवा. हा चौथा ढीग बाजूला काढल्यावर बऱ्याच घरांत तीन फळ्यांचं काम दोनवर येतं.

आता उरलेल्यांची उंची मोजा. १ लिटरची पंपवाली बाटली १० ते ११ इंच भरते. साबणदाणी, ब्रशचा पेला, वजरी या ५ ते ६ इंचांत मावतात. सगळ्या फळ्या सारख्या अंतरावर लावण्याचा मोह होतो. तो टाळा. उंच बाटल्यांसाठी एक फळी १२ इंच मोकळी, बाकी ७ इंच, असं केलं तर त्याच भिंतीवर एक फळी जास्त बसते.

खोलीचं (म्हणजे फळी भिंतीतून किती पुढं येते त्याचं) माप ६ इंच पुरे. आठ इंचांची फळी कोपराला लागते. दोन ओळींत बाटल्या ठेवल्या की मागची ओळ दिवाळीलाच दिसते.

वर्तमानपत्र चिकटवा

हे मला कुणी सांगितलं नव्हतं, टाइल तडकल्यावर सुचलं. फळी जिथं लावायची तिथं पुठ्ठ्याचं खोकं ६ इंच खोल कापून रंगाऱ्यांच्या कागदी टेपनं भिंतीला चिकटवा. ते टिकत नसेल तर निदान वर्तमानपत्राची पट्टी लावा. दोन दिवस तशीच आंघोळ करा. घरातल्या सगळ्यांना करू द्या. डोकं धुताना वाकून वर आल्यावर कपाळ आपटतं का, दार पूर्ण उघडतं का, बादली भरताना नळाखालून हात निघतो का, पाण्याचे शिंतोडे कुठपर्यंत उडतात, हे दोन दिवसांत कळतं. माझ्या पहिल्या आराखड्यातली मधली फळी सासूबाईंना पाटावरून उठताना बरोबर डोक्यात लागत होती. पुठ्ठा होता म्हणून हसण्यावारी गेलं.

जागा कुठं सापडते

लहान न्हाणीत चार जागा हमखास असतात आणि त्या आपण वापरत नाही.

कमोडवरची भिंत. फ्लशच्या टाकीचं झाकण उघडून दुरुस्ती करता यावी म्हणून झाकणापासून १० इंच सोडा, मग वर दोन फळ्या लावा. इथं पाणी कमी उडतं, टॉवेल आणि कोरड्या वस्तूंसाठी हीच जागा.

दाराच्या चौकटीवरची भिंत. इथं खोली १२ इंच घेतली तरी चालते, कारण डोक्याच्या वरच आहे. वर्षातून दोनदा लागणारं सामान तिथं: जादा बादली, ब्रश, रिकामी कॅन. जड काही नको. भरलेलं फिनेलचं कॅन दारावर ठेवून त्याखालून ये-जा करायला मला तरी नको वाटतं.

कोपरा. आंघोळीच्या जागेजवळच्या कोपऱ्यात तिकोनी फळी, त्याबद्दल खाली.

दाराची मागची बाजू. तिथं फळी नको, दार उघडताना सगळं हलतं. फक्त खुंट्या.

कुठं लावायची नाही तेही ऐका. गीझरच्या खाली आणि लगत नको. दुरुस्तीवाल्याला जागा लागते, आणि त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून गरम पाणी ठिबकतं. स्विचबोर्डाच्या जवळ नको. खिडकीच्या किंवा जाळीच्या आडवी तर अजिबात नको. वारा अडला तर ओल वाढते, हे एक. आणि घरात गॅस गीझर न्हाणीच्या आत असेल तर प्रश्न ओलीचा उरत नाही: कोंडलेल्या न्हाणीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना रंग ना वास, आणि माणूस बेशुद्ध होतो. असा गीझर आत असूच नये. असलाच तर फळ्यांच्या आधी तो बाहेर काढून घ्या.

फळी कशाची

कडप्पा, ग्रॅनाइट आणि शहाबादी यांची उरलेली पट्टी ही माझी पहिली पसंती. स्वयंपाकघराचा कट्टा कापताना बेसिनच्या जागेचा आणि कडेचा तुकडा उरतो, फरशीच्या प्रत्येक वखारीत असे तुकडे भिंतीला टेकवून ठेवलेले असतात. आमच्या भागात शहाबादी फरशी कलबुर्गीकडून येते, लाल ग्रॅनाइट इलकलचं, काळा कडप्पा आंध्रातून. मी माप सांगितल्यावर वखारीतला माणूस म्हणाला, "ताई, दोन फूट बाय सहा इंचाला नवा दगड कशाला कापायचा? मागं बघा की, पडलाय तो उचलून न्यावा." कापणावळ आणि पुढच्या कडेला गोलाई एवढ्याचेच पैसे द्यावे लागले. गोलाई मात्र करून घ्याच, धारदार कडेला ओला दंड घासला की कातडं निघतं.

जाडी ६ सूत घ्या, म्हणजे पाऊण इंच. २४ इंच लांब, ६ इंच रुंद आणि ६ सूत जाड दगड साडेचार किलोच्या आसपास भरतो. त्यावर लिटरच्या सहा बाटल्या ठेवल्या की आणखी ६ किलो. म्हणजे भिंतीला १०-११ किलो पेलायचे आहेत. पक्क्या विटेच्या भिंतीला हे काही जड नाही.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. कडप्पा आणि शहाबादी हे दोन्ही चुनखडीचे दगड. त्यांच्यावर ॲसिडचा थेंब पडला की फसफसतं आणि पॉलिश जाऊन पांढरट डाग राहतो. लिंबू, व्हिनेगरनंही होतं, जरा हळू. संडास साफ करण्याच्या बहुतेक द्रवात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, तेव्हा ती बाटली या दगडावर नको. ग्रॅनाइटला असं होत नाही. अथणीकडच्यांनी क्षार काढायला वरचेवर व्हिनेगर लागणार असेल तर ग्रॅनाइटचा तुकडाच शोधावा.

काच सुंदर दिसते, ८ एमएमची दोन फुटी पट्टी पावणेदोन-दोन किलोच भरते. टफन्ड (तापवून कडक केलेली) काच घ्या, आणि माप आधी पक्कं करा, कारण टफन केल्यावर ती कापता येत नाही. लहान मुलं असतील तर मी काच लावणार नाही.

पीव्हीसी फोमचा बोर्ड हलका, पाण्याला दाद देत नाही, सुतार अर्ध्या तासात कापून देतो. लांबी दोन फुटांपेक्षा जास्त झाली की मध्ये वाकतो. मध्ये तिसरं ब्रॅकेट द्या.

प्लायवूड घ्यायचंच असेल तर आयएस ७१० शिक्का असलेलं मरीन घ्या आणि चारही कडा तेलरंगानं बंद करा. पाणी कडेतूनच शिरतं. एमडीएफ आणि भुश्शाचा बोर्ड न्हाणीत आणू नका. एका पावसाळ्यात ते पावासारखं फुगतं.

जुन्या सागवानाबद्दल माझा पक्षपात आहे हे कबूल करते. खानापूर बाजूला जुनी कौलारू घरं उतरवतात तेव्हा दाराच्या फळ्या, तुळया निघतात. तशी एखादी मिळाली तर कमोडवरच्या कोरड्या बाजूला लावा. रंधा मारून जवसाच्या तेलाचे तीन हात द्या, प्रत्येक हातानंतर एक-दोन दिवस वाळू द्या. तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, पसरून उन्हात वाळवा. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चिंध्यांचा गोळा आपोआप पेट घेऊ शकतो.

स्टीलचं रॅक घ्यायचं तर ३०४ ग्रेडचं स्टेनलेस घ्या. दुकानात चुंबक लावून दाखवतात, "बघा, चिकटत नाही, म्हणजे अस्सल". त्यावर जाऊ नका. २०२ नावाचं स्वस्त स्टीलही चुंबकाला चिकटत नाही, आणि तेच लवकर गंजतं. माझं दुसरं नुकसान असंच झालं. शिवाय ॲसिडची बाटली खालीच ठेवलेली होती. तिच्या वाफेनं ३०४ सुद्धा डागळतं.

ब्रॅकेट ॲल्युमिनियमचे किंवा स्टेनलेसचे. लोखंडी अँगल उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फॅब्रिकेटरकडून स्वस्तात बनवून मिळतो, पण रेड ऑक्साइड प्रायमर आणि वर दोन हात तेलरंग न चुकता द्यावा लागतो, भोकाच्या आतूनसुद्धा. ब्रॅकेटचा हात फळीच्या रुंदीच्या दोन तृतीयांश तरी हवा: ६ इंचाच्या फळीला ४ इंच.

भिंत कशाची आहे

टाइलवर बोटाच्या पेरानं ठोका. पोकळ आवाज आला तर त्या टाइलमागे सिमेंटचा मसाला भरलेला नाही, तिथं भोक मारलं की ती फुटते. दुसरी टाइल बघा.

मग पाइप. नळाच्या सरळ वर आणि सरळ खाली, गीझरपासून नळापर्यंत, शॉवरच्या खाली, या सगळ्या रेषांत पाइप आहेत असंच धरून चाला आणि दोन्हीकडे ६ इंच सोडा. वायर बहुधा स्विचबोर्डाच्या सरळ वर जाते, गीझरच्या पॉइंटकडून आडवी येते. घर बांधताना पाइप उघडे असतानाचे फोटो कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असतात, ते शोधा. ड्रिल सुरू करण्याआधी न्हाणीचा आणि गीझरचा एमसीबी पाडा, मशीनला वायर बाहेरच्या खोलीतून घ्या.

पलीकडची भिंत ४ इंची पार्टिशनची आहे की ९ इंची हे दाराच्या चौकटीत मोजून कळतं. ४ इंचीत भोक पावणेतीन इंचांपेक्षा खोल नको, नाहीतर पलीकडच्या खोलीतला गिलावा सुटतो.

भोक

इथं घाई करू नका. फळी दहा वर्षं राहणार की दहा दिवस, हे या भोकांवर ठरतं.

लागतं ते असं: टाइलचा भाल्यासारख्या टोकाचा बिट, ८ एमएमचा दगडाचा बिट, ८ एमएमच्या २ इंची नायलॉन गिट्ट्या (स्क्रू धरून ठेवायला भोकात ठोकायच्या नळ्या), अडीच इंची स्टेनलेस स्क्रू, पाणसळ, कागदी टेप, पेन्सिल, न्हाणीचं बुरशीरोधक सिलिकॉन. व्हिट्रिफाइड, म्हणजे जास्त कठीण, टाइल असेल तर भाल्याचा बिट टिकत नाही, डायमंडचा बिट मागा. डोळ्यांवर चष्मा, पायात रबरी चप्पल, जमीन कोरडी.

पहिल्या ब्रॅकेटची जागा ठरवा, २४ इंचाच्या फळीला दोन्ही टोकांपासून ४-५ इंच आत. पाणसळ धरून दुसऱ्याची रेघ मारा. टाइलच्या कडेपासून निदान एक इंच आत राहा. खुणेवर कागदी टेप चिकटवा, त्यानं बिट घसरत नाही.

आता मशीनचा हॅमर, म्हणजे ठोके देणारं बटण, बंद. हे शंभरदा वाचा, कारण माझी टाइल याच्यामुळंच गेली. हॅमर बंद ठेवून, हळू गतीनं, हलक्या दाबानं टाइलचा बिट फिरवा. ओला स्पंज अधूनमधून टेकवा, पाणी ओतू नका. टाइल ८-१० एमएम जाड असते, पार झाली की आवाज बदलतो आणि पांढऱ्या भुकटीऐवजी राखाडी किंवा विटकरी येते. तिथं थांबा. दगडाचा बिट लावा, आता हॅमर सुरू, आणि पावणेतीन इंचांपर्यंत आत जा. खोली कळावी म्हणून बिटवर त्या मापाला टेप गुंडाळून ठेवा.

भोकातली भुकटी सायकलच्या पंपानं उडवा. भुकटी राहिली तर गिट्टी फिरते. मग भोकात सिलिकॉनचा एक ठिपका सोडा, म्हणजे टाइलमागे पाणी जाणार नाही, आणि गिट्टी हातोडीनं ठोका.

गिट्टी टाइलच्या तोंडाशी ठेवू नका. ती स्क्रूनं फुगते, आणि फुगताना टाइलमध्ये असली तर टाइलच फोडते. आमच्या गवंड्यानं माझी तडकलेली टाइल बघून एवढंच म्हटलं, "गिट्टी भितरी घालायची ओ, टाइलच्या पलीकडं. टाइल काय रबर हाय ताणायला?" एखादा जाड स्क्रू उलटा धरून गिट्टी टाइलच्या मागं विटेत ढकला. टाइल आणि मसाला मिळून एक इंच जातो, पकड मिळते ती त्यामागच्या विटेत.

स्क्रू शेवटचे दोन फेरे हातानं आवळा. मशीननं आवळताना कळत नाही आणि टाइल चिरते.

फळी ठेवण्याआधी ब्रॅकेटवर सिलिकॉनचे ठिपके द्या. फळी पुढं अगदी किंचित उतरती असू द्या, एका पैशाच्या नाण्याइतका उतार, म्हणजे पाणी मागं भिंतीशी साचत नाही. मागच्या कडेला सिलिकॉनची बारीक रेघ ओढा आणि २४ तास हात लावू नका. भिंत ओली असली तर सिलिकॉन धरत नाही. म्हणून हे काम फेब्रुवारी-मार्चात करावं, वळीव सुरू व्हायच्या आत. पावसाळ्यातच करावं लागलं तर दोन दिवस पंखा लावून भिंत वाळवा.

दोन भिंतींच्या बेचक्यात फळी बसवायची असेल, जशी दारावर, तर ब्रॅकेटही नकोत. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर इंचभर रुंद ॲल्युमिनियमचा अँगल आडवा स्क्रूनं बसवा आणि पट्टी त्यावर नुसती टेकवा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भक्कम.

कोपऱ्यातली तिकोनी

हे गवंड्याचं काम, स्वतः करू नका. दोन्ही बाजूंनी ९ इंचांचा तिकोन वखारीतून कापून आणा, पुढची कड गोलवा. गवंडी कटरनं कोपऱ्याच्या दोन्ही भिंतींत इंचभर उंच, पाऊण इंच खोल खाच मारतो, धूळ धुऊन ओली करतो, टाइल चिकटवायच्या मसाल्यात दगड बसवतो आणि खालून विटांचा टेकू देतो. टेकू २४ तासांनी काढा, आंघोळ दोन दिवस दुसरीकडे. सांधा पूर्ण वाळल्यावर वरून आणि खालून सिलिकॉन. खाच मारताना टाइलमागचा पाणीरोधक थर कापला जातो, त्यामुळं खाच मसाल्यानं पूर्ण भरली आहे का ते टोकून बघा. पोकळ राहिली तर पलीकडच्या खोलीच्या भिंतीला ओल येते आणि मग खर्च खरा सुरू होतो.

घराचं बांधकाम चालू असेल तर फळी कशाला, कोनाडाच ठेवा. ९ इंची भिंतीत ४ इंच खोल, १२ इंच उंच, तळाला बाहेरच्या बाजूला उतार. ४ इंची भिंतीत कोनाडा बसत नाही.

चिऱ्याची, मातीची आणि भाड्याची घरं

खानापूर, चंदगडकडची आणि बेळगावातली बरीच जुनी घरं जांभ्या चिऱ्याची. चिरा मऊ आणि सच्छिद्र, भोक पटकन पडतं, पण तितक्याच पटकन मोठं होतं आणि गिट्टी सैल फिरते. तिथं १० एमएमची लांब, ४ इंची गिट्टी वापरा, भोक ९ एमएमच्या बिटनं हॅमरशिवाय मारा आणि दगडाची फळी टाळून हलका फोम बोर्ड लावा. मातीत बांधलेल्या भिंतीला भोकच मारू नका. जमिनीवर उभं राहणारं रॅक घ्या, किंवा वरच्या तुळईतून नायलॉनच्या दोऱ्यांनी फळी टांगा. सासूबाईंनी ते बघून लगेच नाव ठेवलं, "शिंकाळंच की हे, नुसतं दही नाही त्यात."

भाड्याच्या घरात मालकांना विचारल्याशिवाय टाइलला हात लावू नका. खिडकीच्या गजांना एस आकाराचे हूक आणि त्यांना प्लॅस्टिकच्या जाळीच्या टोपल्या लटकवून बरंच काही भागतं. टोपलीला भोकं हवीत, पाणी साचता कामा नये. चिकटणारे हूक वापरायचे तर टाइल आधी साबणानं आणि मग स्पिरिटनं पुसून, वाळवून लावा, एक दिवस काहीही टांगू नका. त्यांच्यावर टॉवेल ठीक, शांपूची लिटरची बाटली नाही.

मांडताना

सगळ्यात खालची फळी पाटावर बसलेल्या माणसाच्या हाताला यावी. आमच्याकडे ती जमिनीपासून ३० इंचांवर आहे आणि तिच्यावर साबण, वजरी, शिकेकाई. उभं राहून आंघोळ करणाऱ्यांची त्यावर. फिनेल, ब्लीच, ॲसिड हे लहान मुलांच्या हाताला न येणाऱ्या उंचीवर, पाच फुटांच्या पुढे, प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या ट्रेमध्ये, आणि मूळ बाटलीतच. थंड पेयाच्या बाटलीत ॲसिड भरून ठेवण्याची आपल्याकडची सवय आजच मोडा. ॲसिड आणि ब्लीच एकाच ट्रेमध्येही नकोत. दोन्ही सांडून मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो.

टॉवेल घडी घालून रचण्यापेक्षा गुंडाळून आडवे ठेवा, मध्ये वारा फिरतो. साबणाखाली जाळीची दाणी. बाटल्या भिंतीला चिकटवू नका, बोटभर अंतर सोडा, काळी बुरशी तिथूनच सुरू होते.

महिन्यातून एकदा फळी रिकामी करून साबणाच्या पाण्यानं पुसा, आणि पुसताना फळीची पुढची कड धरून हलकेच हलवून बघा. हलली तर स्क्रू काढा, गिट्टी सैल झालीय. नवी गिट्टी सिलिकॉनमध्ये बुडवून बसवा, नाहीतर एक नंबर मोठी. आमच्या वरच्या फळीचा डावा स्क्रू पहिल्या गणपतीच्या सफाईत असाच सापडला. नव्या गिट्टीनंतर दोन पावसाळे गेले, अजून हललेला नाही. खिडकीच्या कट्ट्यावर आता सासूबाईंनी तुळशीचं रोप ठेवलंय, आणि ते पाण्याच्या वाफेनं जगतंय की मरतंय यावर घरात रोज वाद चालू आहे.